वडिलांच्या खिशातला रोटर

माझे वडील मध्य प्रदेशात वारले आणि त्यांच्या मृत्यूचा दाखला छत्तीसगडने दिला. त्यासाठी त्यांना कुठे जावं लागलं नाही. दसऱ्याच्या सकाळी ते गेले आणि साडेतीन आठवड्यांनी आमचं रायपूर राजधानी झालं. महापालिकेतल्या बाबूने जुन्या राज्याच्या छापील कागदावर नव्या राज्याचा शिक्का मारला. शिक्का इतका नवा होता की त्याची शाई वाळायला तयार नव्हती. घरी येईपर्यंत वडिलांच्या नावावर एक निळा अंगठा उमटला. माझाच.

काय झालं होतं, असं लोक विचारत. आम्ही सांगायचो, हार्ट. घरात मात्र कारण वेगळं होतं आणि ते कोणी उच्चारत नसे. त्या सकाळी गाडी सुरू झाली नाही. सुरू करत होतो मी. अर्धा तास करत होतो.

गाडी विलायती होती, स्वातंत्र्यानंतर चार-सहा वर्षांनी बोटीने आलेली. काळी, गोल पाठीची, आणि दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज करणारी. आधी ती एका मालगुजाराकडे, म्हणजे गावच्या जमीनदाराकडे, होती. सुटे भाग मिळेनात म्हणून वैतागून त्याने ती वडिलांना विकली. वडील वकील होते. वैतागलेल्या माणसाकडून काय घ्यावं हे त्यांना कळत असे.

आम्ही तेव्हा ब्राह्मणपाऱ्यात राहत होतो. आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागे, तेव्हा गाडी आत येण्याचा प्रश्नच नव्हता. ती गल्लीच्या तोंडाशी, देवळाच्या भिंतीला लागून उभी असे. अशी उघड्यावर उभी राहते म्हणून वडिलांनी तिच्यासाठी एक बंदोबस्त केला होता. गाडी थांबवली की ते बोनेट उघडत, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाच्या दोन कड्या बोटाने उडवत आणि आतला रोटर उपसून कोटाच्या खिशात टाकत.

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा, वर पितळेची पट्टी. इंजिन फिरू लागलं की तो त्या टोपणाखाली गोल फिरतो आणि कॉइलकडून आलेला करंट एकेका प्लगला वाटत जातो. तो काढला की गाडीत सगळं असूनही काही नसतं. घरी आल्यावर वडील तो देवघराच्या खालच्या फळीवर ठेवत, शंखाच्या शेजारी. आई त्याला गाडीचा जीव म्हणायची. वडील कोर्टात निघाले की ती आतून ओरडून विचारी, "जीव घेतला का?" नवीन पक्षकार ओटीवर बसलेला असला तर तो दचकून वकिलांकडे बघे.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर येत. विळी, अडकित्ता, आईची कात्री, पाने, पक्कड, गाडी फिरवायचं लोखंडी हँडल, वडिलांचं फाउंटन पेन. पेन लोखंडाचं नाही आणि रोटरही नाही, पण आमच्या घरात इतकं काटेकोर कोणी नव्हतं. आई प्रत्येकाला ओलं हळदकुंकू लावी, फूल वाही, तुपाच्या निरांजनाने ओवाळी. ते सगळं रात्रभर तसंच राही. दसऱ्याला सकाळी वडील रोटर खिशात टाकून एकटेच पुढे जात, गाडी तयार करत, आणि मग आम्ही झेंडूची माळ घेऊन जात असू.

त्या दसऱ्याला ते एकटे पुढे गेले नाहीत. साडेसातच्या सुमारास आंघोळ करून आले आणि भिंतीला हात टेकून म्हणाले, "मले जरा बरं नाही वाटून राहिलं." चेहरा ओल्या राखेसारखा झाला होता. आई आणि मी त्यांना दोन्हीकडून धरून गल्लीच्या तोंडाशी आणलं. निघताना मी फळीवरून रोटर उचलला. ही गाडी मी पंधरा वर्षं चालवत होतो. रोटर बसवणं मला झोपेतही जमलं असतं. तो विजारीवर घासला, खोबणीत दाबला, टोपण लावलं. वडील पुढच्या सीटवर डावीकडे बसले, आई मागे बसून त्यांचे खांदे धरून होती.

सेल्फ मारला. इंजिन फिरलं, खर्र खर्र करत राहिलं, पण पेटलं नाही. चोक ओढला. पुन्हा खर्र खर्र. पेट्रोलचा वास आला. चोक आत ढकलला, थांबलो, पुन्हा मारला. बॅटरी बसत गेली तसा आवाज जड होत गेला, मग नुसती टकटक उरली. मग मी हँडल काढलं. त्याच्यावरही कुंकू होतं, माझे हात लाल झाले. वाकून फिरवत राहिलो.

मधे एकदा वडिलांनी खिशातून रुमाल काढला आणि खिडकीतून माझ्याकडे धरला. दोनदा हलवला. मी धावत गेलो, त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, रुमाल परत त्यांच्या हातात दिला आणि हँडलकडे आलो. त्यांनी तो पुन्हा धरला. मी पुन्हा घाम पुसला. तिसऱ्यांदा त्यांनी धरला नाही.

कोणी म्हणेल, अर्धा तास काय करत बसलास, रिक्षा का नाही आणलीस? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता तो मला ओळखीच्या माणसासारखा वाटतो. बंद गाडी सुरू करणाऱ्याला अर्धा तास गेल्याचं कधी कळत नाही. त्याच्यासाठी पुढची फेरी तेवढी असते, आणि त्या फेरीत ती होणारच असते. शेवटी देवळातल्या पुजाऱ्याने सायकलरिक्षा थांबवली. इस्पितळ लांब नव्हतं. डॉक्टर तरुण होता, त्याने बराच वेळ प्रयत्न केले, आणि मग खिडकीकडे बघत म्हणाला, "थोड़ा पहले ले आते." त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

तेराव्यानंतर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, प्लग काढून हुंगले आणि निकाल दिला. "भैया, चोक ज़्यादा खींच दिया आपने. प्लग पेट्रोल में नहा लिए." आई तिथेच उभी होती. ती घरात गेली, एवढंच.

त्यानंतर राजधानी आली. लोकांनी फटाके वाजवले. रातोरात पाट्या बदलल्या, आणि ज्यांची पाटी बदलली त्यांचं चालणंही बदललं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. राज्यं कशी होतात हे मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो, पण ती होताना इतकी रंगकामाची माणसं लागतात हे पुस्तकात नव्हतं. आम्ही ब्राह्मणपारा सोडून शंकर नगरला आलो. घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. शंकर नगरमध्ये तेव्हा दर तिसऱ्या फाटकासमोर लाल दिव्याची गाडी उभी राहू लागली होती. आमची ट्रॅक्टरला बांधून आली. तिला पत्र्याच्या शेडमध्ये ढकललं, आणि ती तिथेच राहिली.

एका मिस्त्रीने अंगणात येऊन दोनदा प्रयत्न केला, दुसरा नुसता बघून गेला. खरं सांगायचं तर मीच मागे लागलो नाही. सुरू झाली असती तर काय करणार होतो तिचं?

पण ती गप्प बसली नाही. सकाळी शेजारच्या कोणाची गाडी थंडीने अडली आणि खर्र खर्र करू लागली की दात घासताना माझा हात थांबे. स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबे. ती गाडी पेटेपर्यंत आम्ही दोघं आपापल्या जागी तसेच उभे असू, आणि पेटली की एकमेकांकडे न बघता पुन्हा कामाला लागू. दुपारी कॉलेजातून आलो की कधीकधी मला शेडमधून तो आवाज ऐकू येई. जाऊन बघितलं तर काही नसे. डावीकडच्या सीटवर वडिलांच्या बसण्याचा खळगा होता. मी त्यावर हात ठेवला नाही. एकदा मांजर त्यात झोपलेलं दिसलं, तर मी ते हाकललं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून त्याला दूध ठेवलं.

दर दसऱ्याला आई आपट्याची पानं देवापुढे ठेवून तेच बोलायची. "सगळं तर नीट केलं होतं. पूजाही नीट केली होती. तरी काहून नाही सुरू झाली?"

ती ते मला विचारत नसे. देवाकडे बघून बोले. पण खोलीत ऐकणारे आम्ही दोघंच असायचो, देव आणि मी, आणि चोक देवाने ओढला नव्हता.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एक दिवस फोन आला. राज्याच्या वाढदिवसाला जुन्या मोटारींची मिरवणूक काढायची होती. पलीकडचा साहेब म्हणाला, "आपके पिताजी की गाड़ी तो हमारे प्रदेश की धरोहर है." मी म्हटलं, प्रदेशापेक्षा गाडी वयाने मोठी आहे. तो म्हणाला, "वही तो!" आणि मला भेटायला बोलावलं.

पत्ता ऐकून मी जरा थांबलो. ज्या इमारतीत इस्पितळ होतं तिथे आता सरकारी कचेऱ्या होत्या. मी जिना चढलो. भिंती गुलाबी झाल्या होत्या, दारांवर पितळी पाट्या होत्या, शिपायाच्या डोक्यावर फेटा होता. साहेबांची खोली डावीकडे तिसरी. आत गेलो आणि खिडकी ओळखली. बाहेर तेच कडुनिंबाचं झाड, त्याची तीच एक फांदी जाळीला टेकलेली. डॉक्टर जिथे उभा होता तिथे आता राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी होत्या. वडिलांची खाट होती तिथे सोफा होता, आणि साहेबांनी मला त्याच्यावर बसवलं.

साहेब पस्तिशीचे, हसरे, घाईत. रांगेत कोणती गाडी कितवी, हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मग पेनाचं टोपण लावता लावता सहज म्हणाले, "स्टार्ट तो होती है न?"

त्या खिडकीकडे तोंड करून बसलेलो असताना, त्या जागी, सुरू होत नाही हे डॉक्टरला सांगितलेलं वाक्य दुसऱ्यांदा मला म्हणता आलं नाही. म्हटलं, "होगी."

मिस्त्री शोधायला मी तेलीबांध्याच्या बाजूला गेलो. वडिलांची गाडी पूर्वी तिथल्या एका उस्तादाकडे जात असे. तळ्याच्या कडेला नव्या कचेऱ्यांच्या काचा चमकत होत्या आणि त्यांच्या मधल्या एका बोळात उस्ताद अजून होता. सत्तरीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, कानामागे पेन्सिल. मी गाडीचं नाव सांगितलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं.

"वकील साहब की?"

"हो."

"अब तक कहाँ थी?"

"घरीच."

"और आप?"

तो हसला नाही, पिशवी भरायला लागला.

तो चार दिवस दुपारी आला. पहिल्या दुपारी त्याने बोनेट उघडून आत नाक घातलं आणि बराच वेळ नुसता वास घेतला. एअर क्लीनरमध्ये उंदरांनी घरटं केलं होतं, आणि त्यासाठी त्यांनी वडिलांच्या एका जुन्या फायलीची दोरी वापरली होती. टाकीतलं पेट्रोल काकवीसारखं झालं होतं. टाकी उतरवली, धुतली. नवी बॅटरी आणली. आई चहा घेऊन आली तेव्हा उस्तादाने दोन्ही हात पिशवीला पुसून नमस्कार केला. "बाई, पहचाना?"

"तुम्हाले नाही ओळखलं तर कोणाले ओळखीन? यांच्यापेक्षा तुम्हीच जास्त वेळ होते तिच्यासंगं."

"हव," उस्ताद म्हणाला. "वकील साहब चलाते कम थे, पूछते ज़्यादा थे."

आई हसली. गाडी शेडमध्ये आल्यापासून पहिल्यांदा ती हसली असावी. मग गाडीकडे न बघता आत गेली.

दुसऱ्या दुपारी त्याने कार्बोरेटर खोलला, पॉइंट घासले, प्लग ज्योतीवर धरून लाल केले. बसवून सेल्फ मारला. खर्र खर्र. मी त्या आवाजाने शेडच्या बाहेर गेलो. स्वयंपाकघराची खिडकी आतून कोणीतरी लावून घेतली.

तिसऱ्या दुपारी खरी शोधाशोध सुरू झाली. उस्ताद म्हणाला, इंजिनाला तीन गोष्टी लागतात, हवा, पेट्रोल आणि ठिणगी. दोन पोचल्या, तिसरी बघू. त्याने कॉइलची जाड वायर काढून इंजिनाच्या धातूजवळ धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितला. टक्, टक्, टक्. जाड निळी ठिणगी. मग एका प्लगची वायर तशीच धरली. काही नाही. दुसऱ्या प्लगची, काही नाही. चारही कोरड्या.

"देखा?" तो म्हणाला. "सरकार जैसा हिसाब है. ऊपर से पूरा आ रहा है, नीचे किसी को नहीं मिल रहा."

"मधे कोणीतरी खातंय."

"हव. अब खाने वाला पकड़ना है."

कॉइल आणि प्लग यांच्या मधे डिस्ट्रिब्यूटर असतो. उस्तादाचा संशय टोपणावर होता. जुनी टोपणं आतून तडकतात. त्याने ते उजेडात धरलं, नखाने वाजवलं, आणि मला थांबायला सांगून निघून गेला. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा भंगारातून तसंच एक टोपण घेऊन आला. लावलं. मी सेल्फ मारला. प्लग कोरडेच.

मग त्याने टोपण काढून बाजूला ठेवलं, रोटर तसाच जागेवर ठेवला, आणि कॉइलची वायर त्याच्या पितळी पट्टीच्या वर बोटभर अंतरावर धरली. "इस पे चिंगारी नहीं गिरनी चाहिए," तो म्हणाला. रोटर चांगला असेल तर करंटला खाली उतरायला वाट नसते, म्हणून ठिणगी पडत नाही. मी सेल्फ मारला.

टक्. टक्. टक्. प्रत्येक ठिणगी सरळ रोटरवर पडली आणि आत नाहीशी झाली.

उस्तादाने रोटर उपसला, चष्मा कपाळावर चढवला आणि चांगल्या डोळ्याजवळ धरला. पितळेच्या पट्टीखाली, खोबणीत, वाळून कडक झालेलं काहीतरी लाल होतं.

"ये क्या है? सिंदूर?"

"कुंकू," मी म्हटलं.

त्याने ते नखाने खरवडलं. खाली केसासारखी एक काळी रेघ होती, पट्टीपासून थेट तळापर्यंत. त्याने मला समजावलं. ओलं कुंकू, तुपाचा हात. करंटला तेवढी वाट पुरते. एकदा त्या वाटेने गेला की तो खालचा भाग जाळून कायमची वाट करून घेतो. मग कितीही पुसा. करंट प्लगपर्यंत जात नाही, इथूनच खाली उतरतो.

"चोक का इसमें कुछ नहीं," तो म्हणाला. त्याला चोकबद्दल मी काही सांगितलेलं नव्हतं. प्रत्येक गाडीवाला शेवटी चोकवर येतो, एवढाच त्याचा अनुभव.

मी इंजिनाला टेकून उभा राहिलो. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला निर्दोष सोडलं होतं, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं हे लिहायला हवं. मला आनंद झाला. आत जाऊन आईला सांगावं, आत्ता, असं वाटलं. चोक नव्हता. मी नव्हतो. मग कोण होतं, हे पुढचं वाक्य मनात यायला दोन-तीन क्षण लागले.

उस्ताद पिशवीतल्या डब्यात दुसरा रोटर शोधत होता. आपल्याशीच बोलावं तसा म्हणाला, "वकील साहब तो हर साल पोंछ के लगाते थे. दशहरे के पहले मेरे यहाँ से मलमल का टुकड़ा ले जाते. पेट्रोल में भिगो के चुपचाप पोंछते थे. कहते थे, घर में मत बोलना, पूजा का है, बुरा मानेगी."

म्हणून ते दसऱ्याला एकटे पुढे जात.

आणि मग तो रुमाल आठवला. खिडकीतून धरलेला, दोनदा हलवलेला. त्यांना बोलता येत नव्हतं, किंवा मागे आई बसली होती म्हणून बोलायचं नव्हतं. हे आता कोणी सांगू शकत नाही. ते मला सांगत होते, पूस. आणि मी त्यांचा घाम पुसला. दोनदा पुसला, आणि रुमाल घडी करून परत दिला.

रेघ नेमकी कधी जळली असेल, असं मी उस्तादाला विचारलं. पहिल्याच फेरीत पुसला असता तर?

तो डब्यात बघत राहिला. "शुरू में पोंछ देते तो चल जाती," तो म्हणाला. "या नहीं चलती. पुरानी गाड़ी का कौन बोल सकता है." पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं त्याने माझ्यासाठी जोडलं होतं.

त्याने डब्यातला रोटर बसवला, टोपण लावलं, मला मान हलवून खूण केली. दुसऱ्या फेरीला इंजिन पेटलं. आधी खोकलं, मग सगळा पत्रा थरथरवत चालू लागलं. शेडमध्ये निळा धूर भरला. मी चावीवरचा हात काढला नाही.

आई दारात आली होती. पदराने नाक झाकून उभी. तिने गाडीकडे बघितलं, डावीकडच्या सीटकडे बघितलं आणि मग उस्तादाला विचारलं, "काय होतं हो मिस्त्री?"

उस्तादाने तोंड उघडलं. मी त्याच्या आधी बोललो.

"चोक."

उस्तादाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या मुठीत तो लाल डागाचा रोटर होता. ती मूठ त्याने खिशात घातली. "हव बाई," तो म्हणाला. "चोक."

"म्हणजे तेव्हाही..."

"तेव्हाही तोच. मीच जास्त ओढला होता."

आईने डावीकडच्या सीटकडे पुन्हा बघितलं. मग ती म्हणाली, "मी काही म्हटलं का तुले कधी?"

"नाही."

"मंग?" आणि जरा थांबून, पदर तोंडावरून काढत, "पूजेत तर काही कमी नव्हतं."

"नव्हतं. नीट केली होती."

तिने मान हलवली, आणि तिचे खांदे असे खाली आले की ते इतकी वर्षं वर होते हे मला तेव्हा कळलं. दसऱ्याचा तो प्रश्न ती माझ्यावर फेकत नव्हती. तो ती स्वतःला विचारत होती. एकाच घरात, एकाच आवाजाला थबकून, आम्ही दोघं आपापला गुन्हा कबूल करत उभे राहायचो, आणि मला वाटत होतं की कोर्टात मी एकटाच आहे.

मिरवणुकीबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. बारा गाड्या तेलीबांध्याच्या रस्त्यावर उन्हात तीन तास उभ्या होत्या, कारण पाहुणे उशिरा आले. चार उकळल्या. निवेदकाने आमची गाडी एका राजेसाहेबांची म्हणून जाहीर केली. मी हात वर केला, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. एक अधिकारी ताट घेऊन प्रत्येक गाडीच्या बोनेटला कुंकू लावत येत होता. माझ्याजवळ आला तेव्हा मी काच खाली करून म्हटलं, फक्त वरून. त्याला माझं म्हणणं कळलं नाही, पण त्याने वरूनच लावलं. मला एक चषक मिळाला, त्यावर 'उत्कृष्ट सहभाग' लिहिलं होतं. आई आली नव्हती. "मले नाही बसायचं मंत्र्यांपुढे," ती म्हणाली होती. चषकात तिने कापराच्या वड्या ठेवल्या.

घरी आल्यावर तिने विचारलं, "जीव कुठे आहे?"

मी खिशातून उस्तादाने परत दिलेला जुना रोटर काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिने तो देवघराच्या खालच्या फळीवर ठेवला, शंखाच्या शेजारी. तो तिथेच असतो. खंडेनवमीला ती त्याला हळदकुंकू लावते, भरपूर, खोबणीत जाईल असं. नवा गाडीतच राहतो. तो कोणी पुजलेला नाही. शेडला आता कुलूप आहे, त्यामुळे तो काढायची गरज पडत नाही.

दसऱ्याला आम्ही गाडी काढतो. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या देवळापर्यंत जातो, गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ थांबतो आणि परत येतो. आई पुढे बसते, डावीकडे. निघण्याआधी मी बोनेट उघडतो, टोपणाच्या कड्या उडवतो आणि खिशातला वडिलांचा रुमाल काढून रोटर पुसतो. तो स्वच्छ असतो. तरी पुसतो, पट्टीखालून, खोबणीतून.

आईला बसल्या जागेवरून वर उचललेलं बोनेट तेवढं दिसतं, मी दिसत नाही. यंदा तिने खिडकीतून विचारलं, "काय पुसून राहिला रे?"

"धूळ आहे."

तिने काच आणखी खाली केली.

"नीट पूस," ती म्हणाली.